शेजारचं विरजण

चाळीत संध्याकाळी दूध कोमट होतं आणि तेव्हाच लक्षात येतं, की विरजण संपलंय. मग घरातलं धाकटं पोर वाटी घेऊन शेजारी धाडलं जातं. ते चमचाभर दही घेऊन येतं, आणि शेजारच्या काकूंनी 'आई काय करतेय' असं विचारल्याचंही सांगतं. या व्यवहाराला करार लागत नाही, पासवर्ड लागत नाही, नेटवर्क विभागाची परवानगी लागत नाही.

एका डेटाबेसमध्ये बसून दुसऱ्या डेटाबेसकडे माहिती मागणं हा मूळ कल्पनेत एवढाच सोपा व्यवहार आहे. कर्जखाती एका यंत्रावर आणि ग्राहकांचे पत्ते दुसऱ्या यंत्रावर. थकबाकीदारांना पत्रं धाडायची तर दोन्ही एकत्र हवेत. फाइल काढा, तिकडून इकडे आणा, भरा, तोवर ती शिळी होते. त्यापेक्षा दोन डेटाबेसमध्ये कायमची दोरी बांधली आणि इकडूनच तिकडचं टेबल वाचलं तर काय बिघडलं? ही दोरी जवळपास सगळ्या मोठ्या डेटाबेसमध्ये मिळते. ओरॅकल तिला डेटाबेस लिंक म्हणतो, एसक्यूएल सर्व्हर लिंक्ड सर्व्हर, पोस्टग्रेस फॉरेन टेबल, तर मायएसक्यूएल फेडरेटेड टेबल.

फरक इतकाच, की चाळीतलं पोर चमचाभर दही आणतं. डेटाबेस पुष्कळदा शेजाऱ्यांचं अख्खं पातेलं उचलून आणतो, आपल्या ओट्यावर ठेवतो, त्यातलं चमचाभर काढून घेतो आणि उरलेलं मोरीत ओततो. तक्रार केली तर म्हणतो, मला विरजण हवं होतं, ते मिळालं की नाही?

या सगळ्याचं मूळ एका गोड लबाडीत आहे. दूरचं टेबल जवळचं असल्यासारखं दिसावं, ही ती लबाडी. ओरॅकलमध्ये टेबलाच्या नावामागे @ हे चिन्ह आणि लिंकचं नाव जोडलं, की मुंबईचा माणूस लंडनचं टेबल वाचू लागतो. तेवढं @सुद्धा ज्यांना खुपतं ते त्यावर सिनॉनिम नावाचा बुरखा चढवतात. मग वापरणाऱ्याला पत्ताच लागत नाही, की आपण समुद्र ओलांडलाय. एसक्यूएल सर्व्हरमध्ये १९९८च्या ७.० आवृत्तीपासून लिंक्ड सर्व्हर आहेत. तिथे चार भागांचं नाव लिहावं लागतं: सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा आणि टेबल, मध्ये टिंबं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि मुक्काम पोस्ट असा हा थाट.

नावांचा सगळ्यात सुरस विचार मात्र आयबीएमच्या सॅन होजेमधल्या प्रयोगशाळेत झाला. तिथे १९८०च्या सुमारास 'आर स्टार' नावाचा, अनेक यंत्रांवर पसरलेला प्रायोगिक डेटाबेस बांधला जात होता. टेबल एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवलं तर त्याला शोधायचं कसं, हा त्यांना पडलेला प्रश्न. त्यांनी टेबलाच्या पूर्ण नावातच त्याचं जन्मस्थळ घातलं. टेबल पुढे कुठेही नांदायला गेलं तरी नाव बदलायचं नाही. जन्मगावी नोंद ठेवायची, की ते आता अमुक ठिकाणी असतं. पळसुल्याहून निघालेला माणूस तीन पिढ्या नागपुरात राहिला तरी पळसुलेकरच राहतो, ही गोष्ट कोकणाला कुणी प्रयोगशाळेत बसून शिकवली नव्हती. आयबीएमला ती संशोधनातून काढावी लागली.

दूरच्या शेजाऱ्यांचं झालं. भिंतीला भिंत लागून असलेल्यांची कथा वेगळी आहे. पोस्टग्रेसमध्ये एकाच यंत्रावर, एकाच सर्व्हरमध्ये दोन डेटाबेस नांदत असतात. डिस्क एक, मेमरी एक, वीजबिल एक. पण एकानं दुसऱ्याचं टेबल नावानं मागितलं तर सरळ उत्तर येतं, की डेटाबेसच्या पलीकडचे संदर्भ इथे राबवलेले नाहीत. एसक्यूएल सर्व्हरवरून आलेल्या माणसाला हे पहिल्यांदा भेटतं तेव्हा त्याच्या उत्साहावर चांगलंच विरजण पडतं. सख्ख्या शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं तर आधी जिना उतरून रस्त्यावर यायचं, पत्ता शोधायचा आणि दरवाज्याची बेल वाजवून पासवर्ड सांगायचा, असा तिथला रिवाज आहे.

या रिवाजाचं पहिलं साधन होतं डीबीलिंक. त्यात तिकडे पाठवायचा प्रश्न अवतरणचिन्हांत लिहायचा, आणि उत्तर काय स्वरूपात येईल तेही आपणच आधी सांगायचं. किती रकाने, त्यांची नावं काय, कुठला आकडा, कुठला मजकूर. नाही सांगितलं तर क्वेरी सुरूच होत नाही. पोराला वाटी देऊन धाडताना 'दही पांढरं असेल, घट्ट असेल, चमच्यात मावेल' असं प्रतिज्ञापत्र सोबत देण्यासारखं हे. पुढे एसक्यूएलच्या प्रमाणग्रंथातल्या बाहेरच्या डेटाविषयीच्या भागाचा आधार घेऊन फॉरेन टेबलं आली. २०१३च्या ९.३ आवृत्तीत पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू नावाचं साधन आलं, आणि दुसऱ्या पोस्टग्रेसमधलं टेबल नुसतं वाचताच नव्हे, तर त्यात लिहिताही येऊ लागलं.

आता पातेल्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

समजा आपल्याकडे शंभर थकबाकीदारांची यादी आहे आणि पलीकडे दहा लाख ग्राहकांचे पत्ते. दोन्हींचा जॉइन करायचा. शहाणपण असं सांगतं, की शंभर नावं तिकडे पाठवावीत, शंभर पत्ते घेऊन यावेत. दळण गिरणीत न्यायचं असतं, गिरणी घरी आणायची नसते. पण क्वेरी ज्या डेटाबेसमध्ये लिहिली आहे, त्याचा कल सगळं आपल्याकडे आणून मग दळत बसण्याकडे असतो. घर आपलं, जातं आपलं, पलीकडच्या गिरणीचा भरवसा काय?

या हट्टाचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू पलीकडून ओळी आणतं त्या एका खेपेला शंभर, हे त्याचं मूळ ठरलेलं माप. म्हणजे दहा लाख ओळींसाठी दहा हजार खेपा. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. जाऊन येऊन एका खेपेला ७२ मिलिसेकंद, तेही केबल सरळ रेषेत गेली आहे, वाटेत कुठे वळण नाही आणि पलीकडचा डेटाबेस शून्य वेळात उत्तर देतो असं धरून. दहा हजार खेपांचे झाले ७२० सेकंद, म्हणजे बारा मिनिटं. शंभर पत्त्यांसाठी बारा मिनिटं! खेपेचं माप वाढवता येतं, ती सोय दिलेली आहे. पण ती सोय बहुतेकांना अकराव्या मिनिटाला सापडते.

यावर ओरॅकलनं तोडगा काढला. क्वेरीतच एक सूचना लिहायची, ड्रायव्हिंग साइट नावाची: बाबा रे, हे काम तिकडे चालव, इकडचं सामान तिकडे ने. तासाची क्वेरी मिनिटावर येते. मग तीच क्वेरी उचलून निकाल एका इकडच्या टेबलात भरायला लावली, की ती पुन्हा तासावर जाते. कारण इन्सर्ट असेल तर काम त्याच घरी व्हायला हवं जिथे माल उतरणार आहे, अशी ओरॅकलची ठाम समजूत आहे, आणि सूचना गुपचूप बाजूला ठेवली जाते. ना चूक दाखवली जाते, ना इशारा मिळतो. 'काल तर एका मिनिटात झालं होतं हो सर,' हे वाक्य यातूनच जन्माला येतं.

पोस्टग्रेसनं दळण गिरणीत न्यायचं शहाणपण हप्त्याहप्त्यानं मिळवलं. २०१६च्या ९.६ आवृत्तीत दोन दूरच्या टेबलांचा जॉइन पलीकडेच करण्याची सोय आली, आणि २०१७च्या दहाव्या आवृत्तीत बेरजा, सरासऱ्या, मोजण्याही तिकडेच करून फक्त उत्तर आणण्याची. दहाव्या आवृत्तीच्या अधिकृत नोंदींत या दुसऱ्या कामापुढे दोन नावं आहेत: जीवन चाळके आणि आशुतोष बापट. ही नावं कुठल्या मातीतली हे वाचकाला सांगायला नको. शेजाऱ्याच्या घरी जाऊन 'किती आहेत तेवढंच सांगा, दाखवू नका' असं म्हणण्याचा संकोच आपल्या माणसांनीच मोडावा, यात एक न्याय आहे.

तरीही काही गोष्टी डेटाबेस तिकडे पाठवतच नाही, आणि त्याची कारणं ऐकली तर माणूस त्याच्या बाजूचा होतो. 'आत्तापासून मागच्या चोवीस तासांतल्या नोंदी द्या' अशी अट घातली, की पोस्टग्रेस ती पलीकडे धाडत नाही. सगळ्या नोंदी इकडे आणतो आणि मग घड्याळ बघत निवडत बसतो. का, तर 'आत्ता' म्हणजे कुणाचं आत्ता? दोन यंत्रांची घड्याळं जुळतीलच असं नाही. पुणेरी काटेकोरपणा म्हणावा तो हाच. वेळ आधीच काढून आकड्यात लिहिली तर मात्र तो निमूट पाठवतो.

दुसरं कारण तर थेट आपल्या वर्णमालेचं. एसक्यूएल सर्व्हरला दोन्हीकडे अक्षरांचा क्रम एकच आहे असं स्पष्ट सांगितलं नाही, तर मजकुराची तुलना तो शक्यतो स्वतःच्या घरीच करतो. वाचताना हा किरकोळ संशय वाटतो. पण काळे आणि कावळे या दोन आडनावांची यादी लावून पाहावी. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणून कावळे आधी आणि काळे नंतर. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ळ बसलाय ल आणि व यांच्या मध्ये, म्हणून काळे आधी आणि कावळे नंतर. एका डेटाबेसनं शाळेत शिकवलेला क्रम धरला, दुसऱ्यानं क्रमांकांचा, आणि दोघांनी आपापल्या याद्या लावून शेजारी शेजारी ठेवल्या, तर जुळवणी करणारा काळ्यांना शोधत कावळ्यांच्या पुढे निघून जाईल. काळे आपल्या जागी हजर, आणि अहवालात गैरहजर. अशा वेळी डेटाबेस संशयी निघाला तर त्याचे आभारच मानावेत.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला काही बिघडलं, की जे संदेश येतात त्यांचा वेगळा अभ्यास व्हायला हवा. ओरॅकलमध्ये ओआरए-०२०६३ नावाचा एक आहे. त्याचा अर्थ इतकाच: वरची ओळ अमुक लिंकवरून आली आहे. म्हणजे चूक सांगून झाल्यावर लगेच खाली तळटीप, की हे माझं नाही बरं का, त्याचं आहे. शाळेत मॉनिटर अशी चुगली करायचा. त्याहून थोर ओआरए-०२०८५. हा संदेश म्हणतो, अमुक लिंक तमुक डेटाबेसला जोडते. संपलं. हे चूक म्हणून छापून येतं! ऐन मध्यरात्री हे वाचणारा डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, स्क्रीनकडे बघून म्हणतो, 'अहो, जोडते, त्यासाठीच तर बनवली.' खरी भानगड अशी असते, की एक सेटिंग चालू असलं तर लिंकचं नाव आणि पलीकडच्या डेटाबेसचं नाव एकच असावं लागतं. ते वेगळं आहे, हे ओरॅकलला सांगायचं असतं. पण सांगण्याची पद्धत लग्नघरातल्या आत्याबाईंसारखी: 'ही अमक्यांकडे जाते हं', एवढंच, पुढचं तुम्ही ओळखा.

एसक्यूएल सर्व्हरचा हातखंडा वेगळा. आपण आपल्या यंत्रावरून पहिल्या सर्व्हरवर जातो, तिथे ओळख पटते, सन्मानानं आत घेतलं जातं. पहिला सर्व्हर आपल्या वतीनं दुसऱ्याकडे जातो आणि तिथे दारावर सांगितलं जातं, की 'ॲनॉनिमस लॉगऑन' या वापरकर्त्याला प्रवेश नाही. नखशिखांत ओळख असलेला माणूस दुसऱ्या उंबऱ्यावर निनावी होतो. याला डबल हॉप म्हणतात. कर्बेरॉस नावाच्या व्यवस्थेत, पहिल्या सर्व्हरला आपली ओळख पुढे नेण्याचं कुलमुखत्यारपत्र दिलेलं नसलं की हे होतं. हे पत्र मिळवण्यासाठी विंडोज डोमेन सांभाळणाऱ्या विभागाकडे अर्ज करावा लागतो, आणि तो विभाग नेहमी दुसऱ्या मजल्यावर असतो.

त्यामुळे कंटाळलेली मंडळी सोपी वाट काढतात. लिंकमध्येच एक सर्वाधिकारी नाव आणि त्याचा पासवर्ड ठेवून देतात. मग इकडचा कुणीही कारकून तिकडे मालक म्हणून वावरतो. मायएसक्यूएलच्या फेडरेटेड टेबलात तर पासवर्ड टेबलाच्या व्याख्येतच उघडा लिहिता येतो, आणि टेबल कसं बनवलं हे विचारलं की तो जसाच्या तसा वाचायला मिळतो. किल्ली पायपुसण्याखाली ठेवतात ते निदान पायपुसणं उचलावं लागतं म्हणून. एसक्यूएल सर्व्हरनं एका बाबतीत या सवयीला हातभारच लावला होता. २०१२च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपर्यंत, पलीकडच्या टेबलाची आकडेवारी बघायला मोठे अधिकार लागत. ते नसले तर किती ओळी येतील याचा अंदाज चुकायचा आणि क्वेरी रेंगाळायची. म्हणजे सभ्य माणसाची क्वेरी हळू, आणि मालक म्हणून घुसणाऱ्याची वेगात.

नुसतं वाचणं आहे तोवर हे सगळं हसण्यावारी नेता येतं. दोन्हीकडे लिहायचं असलं, की टू-फेज कमिट लागतं. परदेशी पुस्तकांत याला पाद्रीसमोरच्या लग्नाचं उदाहरण देतात: आधी दोघांना वेगवेगळं विचारायचं, दोघांचा होकार आला की मगच जाहीर करायचं. आपल्याकडे ते लागू पडत नाही, भटजी कुणालाच काही विचारत नाहीत. आपल्याला सामायिक जमिनीची विक्री जास्त कळेल. सगळ्या भावांनी दुय्यम निबंधकासमोर होकार द्यायचा, आणि एकाचा जरी नकार आला तरी व्यवहार नाही. आता समजा एका भावानं सही केली आणि तेवढ्यात फोन कट झाला. बाकीच्यांनी केली का नाही, त्याला ठाऊक नाही. त्याला जमीन विकताही येत नाही आणि कसताही येत नाही. ओरॅकलमध्ये या अवस्थेला इन-डाउट म्हणतात. त्या ओळींना कुलूप बसतं, हात लावणाऱ्याला ओआरए-०१५९१ मिळतो, आणि रेको नावाची एक प्रक्रिया पार्श्वभूमीवर पुन्हा पुन्हा फोन लावत बसते. फोन लागलाच नाही तर डीबीए स्वतःच्या जबाबदारीवर 'झालं' किंवा 'नाही झालं' असं ठरवून टाकतो. पलीकडच्यांनी उलट ठरवलेलं असलं तर ते नंतर ऑडिटमध्ये कळतं.

आणि दोरीवरून फक्त दही येत नाही, सर्दीही येते, हे जगाला कळलं जानेवारी २०१२मध्ये. ओरॅकल प्रत्येक बदलाला एक चढता क्रमांक देतो, एससीएन. तेव्हा त्याची कमाल मर्यादा होती ४८ बिट, म्हणजे २८१ लाख कोटींच्या वर. शिवाय काळाबरोबर सरकणारी एक मर्यादा: १ जानेवारी १९८८पासून सेकंदाला १६,३८४ या दरानं जितका आकडा होतो, त्याच्या पुढे जायचं नाही. या चालीनं आकडे संपायला पाचशेहून जास्त वर्षं लागतात. पण दोन डेटाबेस लिंकनं जोडले, की ते आपले एससीएन जुळवून घेतात, आणि जुळवतात मोठ्या आकड्याशी. चालू बॅकअपशी संबंधित एका दोषामुळे एखाद्या डेटाबेसचा आकडा भरमसाट उडाला, की तो ज्याच्याशी बोलेल त्याचाही उडायचा, मग त्याच्या शेजाऱ्याचा. कोपऱ्यातला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला डेटाबेस एक साधी क्वेरी करून मोठ्या घरातल्या डेटाबेसला मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवू शकत होता. ओरॅकलनं त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. पुढे नव्या आवृत्त्यांत एससीएनला जास्त मोकळीक देण्यात आली. मग जुन्या आवृत्त्यांना लिंकवरून नव्यांशी बोलता येत राहावं म्हणून जून २०१९च्या आत दुरुस्त्या करून घ्या, असा इशारा आला आणि जगभरच्या डीबीएंना एकच प्रश्न पडला: आपल्याकडे लिंक आहेत तरी किती आणि कुठे जातात?

या प्रश्नाचं उत्तर जवळपास कुठल्याच ऑफिसात कुणाजवळ नसतं. लिंक बनवणारा नोकरी सोडून गेलेला असतो. त्यात चाचणीसाठी म्हणून खऱ्या डेटाबेसची प्रत काढतात, तेव्हा लिंकाही प्रतीत जशाच्या तशा येतात. नवा मुलगा 'टेस्टच आहे' म्हणून बिनधास्त अपडेट मारतो आणि पलीकडे खऱ्याखुऱ्या ग्राहकांची बिलं बदलतात. म्हणून प्रत काढणारे जाणते लोक डेटाबेस उघडल्याबरोबर पहिलं काम करतात ते लिंका उडवण्याचं.

ज्यांच्या हाताखाली ओरॅकल असेल त्यांनी आज डीबीए-डीबी-लिंक्स या यादीवर नजर टाकावी. त्यात एक तरी लिंक अशी सापडते, जी कधीच भंगारात गेलेल्या यंत्राकडे जाते. रोज रात्री कुठला तरी जॉब तिच्यावरून हाक मारतो, 'पत्ता लागत नाही' म्हणणारा ओआरए-१२१५४ घेऊन परत येतो आणि लॉगमध्ये एक ओळ वाढते. ती लिंक काढायला कुणी धजावत नाही.